मुरूडची वाट

प्रवासाचे हेतू अनेक असतात. कोणी व्यापारासाठी घराबाहेर पडतो, कोणी तीर्थयात्रेसाठी, तर कोणी केवळ विसाव्यासाठी. विसाव्यासाठी केलेला प्रवास हा पुष्कळांना रिकामपणाचा उद्योग वाटतो. परंतु मनाला घाई नसली म्हणजे डोळ्यांना अधिक दिसते आणि कानांना अधिक ऐकू येते. रोज ज्या रस्त्याने आपण धावतपळत जातो, तोच रस्ता सावकाश चालून पाहिला, तर त्याच्यापाशी सांगण्याजोगे बरेच काही असते.

सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही उभयतांनी असा एक प्रवास केला. आमचे राहण्याचे गाव सातारा, आणि जावयाचे होते समुद्रकाठच्या मुरूडला. जंजिऱ्याजवळचे मुरूड ते रायगड जिल्ह्यात. आमचे मुरूड त्याहून निराळे. ते रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात आहे. हे गाव माझ्या पत्नीने निवडले होते आणि त्याला तसेच कारण होते. तिच्या वडिलांच्या आत्याला घरात सारे ‘माई’ म्हणत. माईंना नवव्या वर्षी वैधव्य आले. पुढे त्या पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमात शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. माझ्या पत्नीला अंकांची पहिली ओळख माईंनीच चिंचोके मांडून करून दिली. तीच पुढे तीस वर्षे मुलींच्या शाळेत गणित शिकवीत होती. “मुरूड हे आमच्या अण्णासाहेबांचे गाव. ते एकदा पाहावयाचे आहे,” असे माई नेहमी म्हणत, परंतु त्यांची ती इच्छा अपुरीच राहिली.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. गाडी चालविण्याचे काम पत्नीकडे होते, आणि रस्ता पाहण्याचे काम माझ्याकडे. उंब्रजला महामार्ग सोडून आम्ही पश्चिमेकडे वळलो. उसाची शेते मागे पडली, पाटण गेले आणि डोंगर जवळ येऊ लागले. थोड्याच वेळात कोयनानगर आले. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना नदी दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. तिला अडविणारे धरण 103 मीटर उंच आहे. त्याच्या मागे पसरलेल्या विस्तीर्ण जलाशयाला शिवसागर म्हणतात. येथे एक मोठे नवल आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या या नदीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविले आहे. सह्याद्रीच्या उंचीवरून ते वेगाने खाली पडते, त्या वेगाने यंत्रांची चक्रे फिरतात आणि वीज उत्पन्न होते. काम संपले की ते पाणी वाशिष्ठी नदीत जाते आणि अखेर अरबी समुद्राला मिळते.

आम्हीही पाण्याप्रमाणेच पश्चिमेकडे उतरू लागलो. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर पत्नीने गाडी बाजूला घेतली. समोर डोंगराचे कडे तुटून खाली कोकणची भूमी निळसर धुक्यात पसरलेली दिसत होती. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे याच कड्यांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणावर धो धो पाऊस कोसळतो. हिवाळ्यातल्या त्या कोवळ्या उन्हात मात्र पावसाची कल्पनाही मनात येत नव्हती.

“अहो,” पत्नी म्हणाली, “पावसाळ्यात हा डोंगर पायी चढून जायचा म्हणजे काय होत असेल!”

तिच्या मनात काय होते ते मला कळले, पण त्या वेळी मी काही बोललो नाही.

चिपळूणला वाशिष्ठी आणि खेडला जगबुडी ओलांडून आम्ही दापोलीच्या रस्त्याला लागलो. देशावरची काळी माती केव्हाच सरली होती. येथे माती तांबडी, दगड तांबडा आणि घरांच्या भिंतीही तांबड्या. हा जांभा दगड. तो सच्छिद्र असतो. खाणीतून त्याचे चिरे कापून काढतात आणि त्यांनीच घरे, विहिरी व गडगे बांधतात. दापोली ओलांडल्यावर रस्ता पुन्हा उतरू लागला. आसूदच्या गर्द बागा आल्या, आंब्याच्या मोहोराचा वास दरवळला, आणि एका वळणावर माडांच्या शेंड्यांमधून समुद्राची निळी रेघ चमकली.

मुरूड हे गाव आटोपशीर आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सागर, आणि मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या. वाड्यांमधून जाणारी वाट इतकी दाट सावलीची, की भर दुपारीही ऊन तेथे चुकूनमाकूनच उतरते. पोफळी सरळ आणि सडपातळ, तर माड किंचित वाकलेले. अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या होत्या. गावातील दुर्गादेवीचे मंदिर जुने आहे, आणि त्याचे कोरीव लाकडी खांब पाहण्यासारखे आहेत. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तेथील गृहिणीने हातपाय धुण्यास पाणी दिले आणि म्हणाली, “काकू, आधी गार सरबत घ्या. समुद्र काही पळून जात नाही!”

सायंकाळी आम्ही वाळूत नुसते बसून राहिलो. समुद्रावरून गार वारा येत होता. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा येते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो आणि वाऱ्याची दिशा उलटते. तो मतलई वारा. या दोन वाऱ्यांच्या भरवशावर कोळी आपली शिडे उभारीत आले. सूर्य पाण्याला टेकला, लाल झाला आणि पाहता पाहता दिसेनासा झाला. आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. इतके स्वस्थ आम्ही कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी होती. ओल्या, घट्ट वाळूवरून आम्ही तासभर चालत गेलो. परत फिरताना पत्नीने एक काटकी उचलली आणि वाळूवर लिहिले: 110 भागिले 3. मग ती म्हणाली, “ताशी तीन मैल चाललो, तर 110 मैलांना किती तास लागतील?”

“सुमारे 37,” मी म्हणालो.

“रोज दहा तास चालले, तर जवळजवळ चार दिवस. आणि तेही सपाट वाटेने, कोरड्या हवेत!”

विद्यार्थी मित्रहो, हे 110 मैल कोणते, ते आता सांगावयास हवे. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे झाला. त्यांचे गाव मुरूड. घरची स्थिती गरिबीची होती. तरुणपणी त्यांना एका सरकारी परीक्षेस बसावयाचे होते आणि त्यासाठी सातारा गाठावयाचे होते. तेव्हा मोटारी नव्हत्या, घाटात आजच्यासारखे रस्ते नव्हते. सुमारे 110 मैलांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे 177 किलोमीटरांची ती बिकट वाट त्यांनी मुसळधार पावसात पायी तुडविली. सातारा आले, परंतु परीक्षेस बसण्याची परवानगी मिळाली नाही. कारण काय? तर हा मुलगा वयाने लहान दिसतो! आपल्या ‘आत्मवृत्त’ या ग्रंथात कर्व्यांनी ही हकीकत सांगितली आहे.

जाताना पाऊस होता, चिखल होता, पण मनात आशा होती. परतताना मात्र केवळ नकार होता. मला वाटते, त्या मुलाची खरी परीक्षा सातारच्या कचेरीत झाली नाही. ती या परतीच्या वाटेवर झाली आणि तीत तो उत्तीर्ण झाला. त्याने शिक्षण सोडले नाही. 1881 मध्ये ते मॅट्रिक झाले, 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि 1891 पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

ज्याला एकदा दारातून परत फिरावे लागले, तो पुढे इतरांसाठी दारे उघडण्याच्या खटपटीला लागला. त्या काळी विधवा स्त्रियांचे जिणे फार कष्टाचे होते. त्यांना शिक्षण नव्हते, मान नव्हता. प्रथम पत्नीच्या निधनानंतर 1893 मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या उन्नतीसाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला होता, तेच गाव त्यांना परके झाले. अण्णासाहेबांनी कोणाशी वैर धरले नाही आणि हाती घेतलेले कामही सोडले नाही. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. 1900 मध्ये तो हिंगण्यास गेला. कॉलेजातील शिकविणे आटोपले की ते पायी हिंगण्याची वाट धरीत. म्हणजे चालणे काही सुटले नाही! 1916 मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले. 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ हा सन्मान मिळाला. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते निवर्तले.

त्या दिवशी दुपारी आम्ही गावातील महर्षींच्या स्मारकापाशी गेलो. एके काळी ज्या गावाने त्यांना दूर लोटले, तेच आज आपली ओळख अभिमानाने त्यांच्या नावाने सांगते. गावेही माणसांप्रमाणे शिकतात, फक्त त्यांना वेळ अधिक लागतो. पत्नी हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “माई, आले हो मी!” तिच्या डोळ्यांत पाणी होते, मला काही बोलणे सुचेना.

तिसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या हर्णै बंदरात गेलो. मासळी घेऊन होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि वाळूतच लिलाव चालला होता. कोळणींचे चढे आवाज, बर्फाच्या पेट्या, घिरट्या घालणारे पक्षी — सारा किनारा गजबजून गेला होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा होता. मराठी आरमाराचा हा एक बळकट आधार. 1755 मध्ये तो तुळाजी आंग्ऱ्यांच्या हातून गेला. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. लाटांचे तडाखे इतकी शतके सोसून त्याची तटबंदी अजून उभी आहे.

चौथ्या दिवशी आम्ही सातारची वाट धरली. मुरूडहून साताऱ्याला! तो तरुण याच दिशेने निघाला होता. त्याच्या पायाखालची नेमकी वाट आज कोणास दाखविता येणार नाही. पण सह्याद्री तोच आहे आणि त्याची चढणही तीच आहे. आम्हांला ती अर्ध्या दिवसात पार करता येते, कारण मधल्या काळात कोणी तरी डोंगर फोडले, नद्यांवर पूल बांधले, घाटांना वळणे दिली. विद्येच्या वाटेचेही असेच आहे. आज मुलगी शाळेत जाते, परीक्षेस बसते, गाडी चालविते, त्यात कोणालाच नवल वाटत नाही. तसे नवल वाटू नये म्हणून कोणी तरी आधी ती वाट चिखलातून तुडविलेली असते.

सुखाने प्रवास करण्यात काहीच गैर नाही. रस्ते त्यासाठीच असतात. मात्र सुखाच्या वाटेने जाताना ती कोणी घडविली याची आठवण ठेवावी, आणि आपल्या मागून येणाऱ्यांसाठी तिच्यातला एखादा तरी खडा आपण दूर करावा.

अभ्यास

1. लेखकाच्या पत्नीने प्रवासासाठी मुरूड हेच गाव का निवडले?
2. कोयना नदीचे पाणी कोणत्या मार्गाने अरबी समुद्राला मिळते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
3. खारा वारा व मतलई वारा यांतील फरक सकारण सांगा.
4. “गावेही माणसांप्रमाणे शिकतात, फक्त त्यांना वेळ अधिक लागतो.” हे वाक्य कशाला उद्देशून आहे? तुमच्या गावाचे एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: वाट तुडविणे, स्वतःच्या पायांवर उभे राहणे, बहिष्कार घालणे, वैर धरणे.
6. तुमच्या घरातील वडील मंडळींना त्यांच्या लहानपणी शाळेत जाण्यासाठी किती चालावे लागे, ते विचारा. त्या वाटेचे वर्णन दहा-बारा ओळींत लिहा.