स्टेरॉइडच्या गोळ्या आणि झोपी गेलेली ग्रंथी



मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात. किती बनवायचे, हा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. दम्यात किंवा सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात) दिलेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कॉर्टिसोलचेच काम करते. त्याची ५ मिलिग्रॅमची गोळी निरोगी शरीराची दिवसभराची गरज साधारण भागवते. सीओपीडी उसळल्यावर देतात ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे आठपट. हा डोस पाच दिवस पुरतो; चौदा दिवस दिल्याने अधिक काही पदरात पडत नाही, हे २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासाने दाखवले.

घोटाळा होतो तो सहाव्या दिवसापासून. दम उतरलेला असतो, भूक लागते, अंगात तरतरी येते. रुग्ण तीच जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणत राहतो. चेहरा गोल होतो आणि घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. मांड्या मात्र बारीक होत जातात, उकिडवे बसले तर हात टेकल्याशिवाय उठवत नाही, कातडी पातळ होऊन जरा लागले तरी काळेनिळे डाग पडतात. हाडे ठिसूळ होतात ती वेगळीच; लैंगिक संप्रेरके घटल्यानेही त्यात भर पडते.

साखरेची चाल फसवी असते. गोळी सकाळी घेतली की साखर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते, पहाटेपर्यंत उतरते. नुसती उपाशीपोटीची तपासणी करून ‘मधुमेह नाही’ असा शेरा मारणे हा आळस होय. दुपारच्या जेवणानंतरची साखर पाहावीच.

इनहेलरमधून स्टेरॉइडची रक्तात जाणारी मात्रा बरीच कमी. त्याला घाबरून गोळ्यांकडे वळणे उफराटे आहे. तोंड येऊ नये म्हणून चूळ भरली की बहुधा भागते. अपवाद लक्षात ठेवण्याजोगा : फुफ्फुसातल्या बुरशीच्या ॲलर्जीवर इट्राकोनॅझोल हे औषध चालू असेल, तर इनहेलरमधले बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड यकृतात नीट मोडत नाही आणि इनहेलरवरच्या रुग्णाचाही चेहरा सुजतो.

गोळ्या तीन-चार आठवड्यांहून अधिक चालल्या की पीयूषिकेचा हुकूम थांबतो, अधिवृक्क आक्रसतात. गोळ्या एकाएकी बंद केल्या तर गळाठा, मळमळ, रक्तदाब उतरणे, क्वचित बेशुद्धी. सुट्टीला गावी गेलेल्या आणि गोळ्या विसरलेल्या रुग्णाचे असेच होते. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा. ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली तर तो वाढवावा लागतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर घरी वाट न पाहता दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन घ्यावे. ही सूचना केसपेपरवर मराठीत लिहून द्यावी आणि घरच्या माणसाकडून एकदा वाचून घ्यावी.

— आबाकाका