गुरांच्या डोणीची न्हाणी



राजूरचा गणपती साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. अंगारकी चतुर्थीला येथे दूरदूरची माणसे येतात. पण गावात राहणाऱ्याला रोज भेडसावते ते पाणी. २०१२-१३ सालच्या दुष्काळात जालना जिल्ह्याने पाण्याचे हाल सोसले. तेव्हा पाणी वाया न घालवता अंघोळ कशी करावी, हे आपण या धड्यात पाहू.

पुष्कळ घरी गोठ्यापाशी पत्र्याची जुनी डोणी पडून असते. गुरे विकली की तिच्यात कचरा साठतो. तीच डोणी नीट केली, तर म्हाताऱ्या माणसाला बसून अंघोळ करता येते. भोवती ताटी बांधली, तर बायाबापड्यांना आडोसा होतो. अंघोळीसाठी त्यांना अंधारात उठावे लागत नाही.

आधी डोणी पारखावी. तिच्यात कधी फवारणीचे औषध कालवले असेल, तर ती मुळीच घेऊ नये. कपाशीचे औषध अंगाला लागून माणूस दगावतो. धुऊन भागेल, असे म्हणू नये.

डोणी बहुधा जस्ती पत्र्याची असते. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची रीत सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८३७ साली नोंदवली. जस्तामुळे लोखंड गंजत नाही. म्हणून डोणी वाळूने खरवडू नये, चिंच किंवा तेजाब लावू नये. धुण्याचा सोडा आणि काथ्या घेऊन घासावी. गुरांच्या व उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाचा रोग होतो. त्याचे जंतू जखमेतून अंगात शिरतात. म्हणून ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी दहा मिनिटे लावून ठेवावे, मग डोणी दोनदा खळखळून धुवावी. ब्लीचिंग पावडर तेजाबात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

आता काम लोहाराचे. तळाशी एका कडेला भोक पाडून एक इंची नळी बसवावी, तिला बूच करावे. गळती असेल तर झाळून घ्यावी. जस्त तापले की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर ताप भरतो. म्हणून हे काम उघड्यावर करावे. कडा धारेच्या असतात. त्यांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवावी. डोणी पक्क्या फरशीवर, नळीकडे थोडा उतार देऊन ठेवावी.

आता हिशेब करू. डोणी ४ फूट लांब, २ फूट रुंद, १ फूट खोल आहे. म्हणजे ८ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. भरली तर सुमारे २२५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या १५ बादल्या! वजन सव्वादोन क्विंटल. शहरात टब भरून त्यात लोळतात. आपल्याकडे डोक्यावर हंडा आणणाऱ्या बाईला विचारा, ती काय म्हणेल! आपण डोणीत फक्त बसायचं, आणि दोन बादल्यांत अंघोळ उरकायची. पाणी इकडे तिकडे सांडत नाही. नळीवाटे ते केळीच्या किंवा शेवग्याच्या आळ्यात जाते. सोडा व ब्लीचिंगचे पाणी मात्र झाडाला सोडू नये.

चार गोष्टी जिवाच्या आहेत, त्या पाठ करा.

१. पोराला डोणीत एकटे सोडू नये. दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडते.

२. ऊन पाण्यात विसण घालायची आपली रीत आहे. डोणीत मात्र आधी गार पाणी घालावे, मग ऊन. कोपर बुडवून पाहावे.

३. डोणीत विजेचा रॉड कधीही टाकू नये. पत्र्यात वीज उतरते आणि माणूस जागीच मरतो.

४. अंघोळ झाली की बूच काढून डोणी कोरडी करावी. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात.

आम्ही वर्गात शिकवत असू, की गणित पाटीवर राहिले तर ते अर्धेच शिकले. घरच्या डोणीवर करून पाहिले, म्हणजे ते पुरे झाले.

प्रश्न

१. फवारणीची डोणी का घेऊ नये?

२. तुमच्या घरच्या डोणीची मापे घ्या. तिच्यात किती बादल्या पाणी मावेल?

३. घरातली पाच माणसे प्रत्येकी दोन बादल्यांत न्हाली, तर झाडाला किती लिटर पाणी मिळेल?