हरवलेले मांजर कसे शोधावे?



कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घरोघरी कापसाचे ढीग लागतात. अंगणात बैलगाड्या, ट्रॅक्टर येतात. या गडबडीत घरचे मांजर बुजून नाहीसे होते. मग आपण गावभर हाका मारत फिरतो आणि दोन दिवसांत आशा सोडतो. ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही म्हण येथे अगदी लागू पडते.

मांजर ओ का देत नाही? मांजर स्वतः शिकारी असले तरी मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही आहे. म्हणून घाबरलेले किंवा जखमी मांजर अंधाऱ्या जागी अंग चोरून बसते आणि मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. ओ आली नाही म्हणजे मांजर तेथे नाही, असे समजू नये.

किती दूर शोधावे? हरवलेल्या १,२१० मांजरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सापडलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के मांजरे ५०० मीटरच्या आतच सापडली. आता गणित करू. ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २ एकर होते, तर ५०० मीटर त्रिज्येचे सुमारे १९४ एकर! म्हणून आधी घराभोवतीचे दोन एकर कसून पाहावेत, मग वर्तुळ वाढवावे.

कसे शोधावे?
१. कापसाची खोली, धान्याची कोठी, कडब्याची गंजी, पऱ्हाटीचा ढीग, माळा व बंद गोठा स्वतः उघडून पाहा. शेजाऱ्यांनाही ‘मांजर दिसले का?’ एवढेच न विचारता खोली उघडून दाखवण्याची विनंती करा.
२. रात्री गाव शांत झाल्यावर बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरून फिरवा. मांजराचे डोळे उजेडात चमकतात. मधून मधून थांबून कानोसा घ्या.
३. अंगणातून कापसाची गाडी गेली असेल तर ती जेथे रिकामी झाली तेथेही चौकशी करा.
४. बोका लांब भटकतो, त्याच्यासाठी वर्तुळ मोठे ठेवा. व्यालेली मांजरी पिल्ले घेऊन जागा बदलते, तिच्यासाठी आडोसे पाहा.

कोणत्या भाषेत विचारावे? आपल्या गावांत मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू, लंबाडी बोलणारे एकत्र राहतात. तेलुगूत मांजराला ‘पिल्लि’ म्हणतात, पण ‘पिल्ल’ म्हणजे मूल किंवा मुलगी! एका स्वराच्या चुकीने गावात भलतीच धावपळ उडेल. ‘मा पिल्लि कनिपिंचडम् लेदु’, म्हणजे ‘आमचे मांजर दिसत नाही’, हे वाक्य पाठ करा. सूचनेचा कागदही मराठी व तेलुगू दोन्हींत लिहा.

पालकांनी लक्षात घ्यावे. मुलांना रात्री एकटे पाठवू नये. गंजीत व पऱ्हाटीत साप असतात, म्हणून बूट आणि काठी हवीच. रानडुकरांसाठी कोणी कुंपणात वीज सोडलेली असू शकते, त्यामुळे अंधारात शेतात शिरू नये. भीमपूरकडे टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून येतात, तेव्हा नदीकाठच्या झुडपांत दिवसाही मोठ्यांनीच जावे. विहिरीत मांजर दिसल्यास टोपली दोराने सोडावी, मुलांनी वाकू नये. मांजर चावले वा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

मांजर सापडले की आधी पाणी, मग थोडे थोडे खाणे द्यावे. अनेक दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृताला इजा होऊ शकते, म्हणून पशुवैद्याला दाखवावे.

त्याच अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मांजरे सात दिवसांत जिवंत परत मिळाली, काही तर त्यानंतरही. म्हणून निदान आठवडाभर शोध सोडू नये. बंद खोलीत अडकलेले मुके जनावर स्वतः दार उघडू शकत नाही. ते आपणच उघडायचे असते. विश्वस्त मंडळास आमची विनंती, की शाळेच्या फलकावर हरवलेल्या जनावरांसाठी एक कोपरा राखून ठेवावा.

स्वाध्याय : आपल्या घराभोवतीच्या ५० मीटरचा नकाशा काढा व मांजर लपू शकेल अशा दहा जागा दाखवा. मांजराला गोंडीत काय म्हणतात, ते गोंड मित्राला विचारून लिहा.