मोठ्या याद्यांतील शोध : सूत्रे मंद का होतात आणि ती वेगवान कशी करावीत

दरेकसा हे सालेकसा तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेले गाव होय. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग येथून जातो. अशा सीमेवरच्या भागात मुले एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, प्रसंगी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात. त्यांची नोंद सुटू नये म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर, केंद्राची यादी व तालुक्याची यादी परस्परांशी ताडून पाहावी लागते. हे काम आता संगणकावर, एक्सेलच्या तक्त्यात होते. तथापि यादी मोठी झाली की सूत्रे मंदावतात आणि एखादा आकडा बदलताच पडदा थिजून राहतो. शिक्षकाचा जो वेळ वर्गात जावयास हवा, तो यंत्रापुढे वाट पाहण्यात जातो. सबब या मंदपणाचे कारण व त्यावरील उपाय येथे क्रमाने मांडले आहेत.

1. मंदपणाचे कारण

एका यादीतील क्रमांक दुसऱ्या यादीत शोधून त्यापुढील माहिती आणण्यासाठी ‘व्हीलुकअप’ हे सूत्र सर्वत्र वापरले जाते. त्यास अचूक जुळणी मागितली की ते सामान्यतः पहिल्या ओळीपासून एकेक ओळ तपासत जाते. समजा, यादीत 16,384 विद्यार्थी आहेत. एक क्रमांक सापडण्यास सरासरीने सुमारे 8,192 ओळी पाहाव्या लागतील. सर्व विद्यार्थ्यांसाठी हेच केल्यास तुलनांची संख्या 13 कोटी 42 लाखांवर जाते. नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळा व पालकाचे नाव असे पाच रकाने आणावयाचे असल्यास हे श्रम पाचपट होतात. जे मूल यादीत नाहीच, त्याच्यासाठी तर यादी अखेरपर्यंत चाळावी लागते.

2. क्रमाचे सामर्थ्य

रेल्वेमार्गाच्या कडेला किलोमीटरचे आकडे लावलेले असतात. एक आकडा दिसला की हवे ते ठिकाण पुढे आहे की मागे, हे तत्काळ कळते. आकडे क्रमाने असल्यामुळेच हे शक्य होते. यादी चढत्या क्रमाने लावलेली असल्यास संगणकही असेच करतो. प्रथम मधली ओळ पाहतो, निरुपयोगी अर्धी यादी सोडून देतो, उरलेल्या भागाची पुन्हा मधली ओळ पाहतो. 16,384 ओळींची यादी अशा रीतीने चौदा-पंधरा पायऱ्यांत संपते. 13 कोटींचे काम सुमारे अडीच लाखांवर येते. यादी दुप्पट झाली, तरी प्रत्येक शोधात केवळ एकाच पायरीची भर पडते.

3. प्रत्यक्ष कृती

(अ) मूळ यादी विद्यार्थी-क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावावी.

(आ) पाच रकान्यांसाठी पाच वेळा शोध घेऊ नये. एक साहाय्यक रकाना करून त्यात ‘मॅच’ या सूत्राने ओळीचा क्रमांक एकदाच काढावा. क्रमवार यादीत त्याच्या तिसऱ्या जागी 1 हा अंक द्यावा. पुढे ‘इंडेक्स’ सूत्राने त्या ओळीतील हवे ते रकाने उचलावेत. इंडेक्सला शोध घ्यावा लागत नाही. ते थेट त्या ओळीवर जाते.

(इ) सापडलेल्या ओळीतील क्रमांक आपल्या क्रमांकाशी जुळतो की नाही, हे ‘इफ’ सूत्राने अवश्य पाहावे. जुळल्यास माहिती घ्यावी, न जुळल्यास ‘नोंद नाही’ असे लिहावे.

(ई) ‘ऑफसेट’ व ‘इंडायरेक्ट’ ही सूत्रे तक्त्यात कोठेही बदल झाला तरी पुन्हा चालतात. ती शक्यतो टाळावीत.

(उ) काम पूर्ण झाल्यावर सूत्रांच्या जागी ‘पेस्ट स्पेशल’मधून केवळ मूल्ये ठेवावीत. काम चालू असता गणना ‘मॅन्युअल’ ठेवता येते. मात्र तक्ता छापण्यापूर्वी एफ-9 ही कळ दाबण्यास विसरू नये.

2018 नंतरच्या माइक्रोसॉफ्ट 365 मध्ये अचूक शोधासाठी आतल्या आत सूची तयार होते व वेग पुष्कळ वाढतो. ‘एक्सलुकअप’ हे नवे सूत्रही तेथे मिळते. परंतु जुनी आवृत्ती असलेल्या यंत्रावर वरील कृतीच उपयोगी पडते.

4. वेगापेक्षा अचूकता थोर

येथे एक गंभीर धोका ध्यानात घ्यावा. व्हीलुकअपची चौथी जागा रिकामी सोडली, तर संगणक यादी क्रमवार आहे असे गृहीत धरतो. यादी तशी नसेल, तर तो कोणतीही सूचना न देता भलत्याच ओळीतील माहिती आणू शकतो. एका मुलीच्या नावापुढे दुसऱ्या मुलीची जन्मतारीख किंवा बँक खाते येते. तक्ता नीटनेटका दिसतो, म्हणून चूक कोणाच्या नजरेस पडत नाही आणि शिष्यवृत्ती मात्र अडून राहते. मंद सूत्र आपला वेळ घेते. चुकीचे सूत्र मुलाचा हक्क घेते. म्हणून (इ) मधील पडताळणी कधीही वगळू नये.

दुसरा धोका क्रमांकाच्या लांबीचा. एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच जपते. सरल प्रणालीतील विद्यार्थी-क्रमांक 19 अंकी आहे. तो संख्या म्हणून लिहिल्यास शेवटचे चार अंक शून्य होतात, आणि केवळ त्या चार अंकांत भेद असलेली मुले एकच ठरतात. यास्तव रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच क्रमांक भरावेत. 11 अंकी यूडायस क्रमांकाचे अंक जात नाहीत; परंतु एका यादीत तो मजकूर व दुसऱ्या यादीत संख्या असल्यास जुळणी होत नाही. दोन्ही याद्यांत एकच पद्धत ठेवावी व क्रमांकामागे राहिलेल्या मोकळ्या जागा ‘ट्रिम’ सूत्राने काढून टाकाव्यात.

5. वर्गात उपयोग

हे तत्त्व चौथीच्या मुलांनाही खेळातून समजते. एका मुलाने 1 ते 100 मधील संख्या मनात धरावी. इतरांनी एकेक संख्या सांगावी. त्याने फक्त ‘मोठी’, ‘लहान’ किंवा ‘बरोबर’ एवढेच म्हणावे. दरवेळी मधली संख्या सांगितल्यास सात प्रयत्नांत उत्तर हमखास सापडते. पुढे हीच मुले शब्दकोश चाळू लागली, म्हणजे क्रमाचे मोल त्यांना आपोआप उमगते.

स्वाध्याय

1. क्रमवार 1,000 नावांच्या यादीत एक नाव शोधण्यास अधिकात अधिक किती पायऱ्या लागतील? पाटीवर मांडून दाखवा.
2. आपल्या शाळेच्या यादीची एक प्रत घ्या, त्यातील दहा क्रमांक निवडा आणि सूत्राने आलेली माहिती जनरल रजिस्टरशी ताडून पाहा.
3. यादीत नसलेला एक क्रमांक मुद्दाम घालून सूत्र ‘नोंद नाही’ असे सांगते काय, हे तपासा.