हार्ड डिस्कचा आवाज आणि दप्तराची सुरक्षितता

कचेरीचे दप्तर म्हटले की एके काळी लाल फडक्यात बांधलेले रुमाल आणि लाकडी कपाटे डोळ्यांसमोर येत. ओल, वाळवी आणि उंदीर हे त्या दप्तराचे शत्रू होते. तरीही एखाद्या वहीला वाळवी लागली तर उरलेली पाने वाचता येत असत. आता हे दप्तर मोठ्या प्रमाणावर संगणकात आले आहे. महाराष्ट्रात २०११ साली 'संग्राम' प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींच्या कामाचे संगणकीकरण हाती घेण्यात आले. २०१५ पासून शाळांची माहिती 'सरल' प्रणालीत भरली जाऊ लागली. अशा प्रणालींत भरलेली माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर राहते. परंतु सभांची इतिवृत्ते, पत्रव्यवहार, कर आकारणीच्या याद्यांचे मसुदे, जुन्या नोंदवह्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, विकासकामांची छायाचित्रे हे सारे बहुधा कार्यालयातील एकाच संगणकाच्या हार्ड डिस्कवर असते. ती निकामी झाली तर वर्षानुवर्षांचे काम एका दिवसात नाहीसे होऊ शकते.

पुष्कळदा अशी डिस्क बंद पडण्यापूर्वी आवाज करू लागते. तो आवाज ओळखणे आणि त्यानंतरचा थोडा अवधी योग्य कामी लावणे, यावर दप्तराची सुरक्षितता अवलंबून असते.

तबकडी आणि हेड

हार्ड डिस्कचा उगम १९५६ सालचा. आय.बी.एम. कंपनीने त्या वर्षी आणलेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर राहते, परंतु तत्त्व तेच आहे. चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि 'हेड' हा सूक्ष्म भाग त्यांवरील नोंदी वाचतो व लिहितो.

ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकूनच चालते. येथे मात्र हेडने तबकडीला स्पर्श करता कामा नये. ते हवेच्या पातळ थरावर तरंगते. दोहोंमधील अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते. धुळीचा कण, चालू असताना बसलेला धक्का किंवा झीज यांमुळे हे अंतर मोडले की हेड तबकडीवर घासते आणि ज्या थरावर नोंदी आहेत तोच खरवडला जातो.

आवाजांचे अर्थ

संगणकातून येणारा प्रत्येक आवाज डिस्कचा नसतो. धुळीने भरलेला पंखा सतत घरघरतो. फाईल उघडताना येणारी हलकी खुडबूड ही हेडच्या नेहमीच्या हालचालीची असते. पूर्वी नसलेला आणि वाढत जाणारा आवाज मात्र संशयास्पद मानावा.

ठरावीक अंतराने 'टक्-टक्' असा आवाज येत असेल, तर हेड नोंद शोधण्यास जाऊन पुन्हा पुन्हा परत येत असण्याची शक्यता असते. खरखर किंवा घासल्यासारखा आवाज सर्वांत घातक. हेड तबकडीला लागत असल्याचे ते लक्षण असू शकते. चढता कर्कश आवाज फिरत्या भागांची झीज दर्शवितो. डिस्क फिरू न शकता केवळ 'बीप' करीत असेल, तर हेड तबकडीला चिकटले असण्याचा किंवा तिला पुरेसा वीजपुरवठा न मिळण्याचा संभव असतो. आवाजासोबत फाईल उघडण्यास फार वेळ लागणे, संगणक मध्येच थिजणे, फाईल वाचता येत नसल्याचा संदेश येणे ही लक्षणे दिसली, तर शंकेला फारशी जागा राहत नाही.

आधी माहिती, मग दुरुस्ती

अशा वेळी संगणक दुरुस्तीस पाठविण्याकडे सर्वसाधारण कल असतो. धोका येथेच आहे. दुकानात डिस्क बदलली जाते किंवा फॉरमॅट केली जाते. संगणक चालू होऊन परत येतो आणि आतील नोंदी गेलेल्या असतात. म्हणून माहिती वाचविणे हे पहिले काम होय. दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा.

आवाज वाढला असला तरी फाईली वाचता येत असतील, तर नेहमीचे काम थांबवून त्याच दिवशी प्रत काढावी. अन्यत्र कोठेही नसलेल्या नोंदी प्रथम घ्याव्यात; चित्रफिती आणि पुन्हा मिळू शकणारी सॉफ्टवेअर शेवटी. त्या डिस्कवर नवे काही लिहू नये. शक्य असल्यास ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि जाणकाराकडून संपूर्ण डिस्कची प्रतिकृती करून घ्यावी. 'डीडीरेस्क्यू'सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर खराब भाग मागे ठेवून आधी वाचनीय भाग उतरवून घेते.

घासल्याचा आवाज येत असेल, टक्-टक् थांबत नसेल किंवा संगणकाला डिस्क दिसतच नसेल, तर वीजपुरवठा बंद करावा आणि 'पुन्हा एकदा पाहू' हा मोह टाळावा. प्रत्येक प्रयत्नाने नुकसान वाढते. माहिती मोलाची असल्यास धूलिरहित कक्ष असलेल्या तज्ज्ञ संस्थेकडेच डिस्क सोपवावी. हे काम खर्चाचे असते आणि यशाची हमी नसते.

डिस्क उघडणे, ठोकणे किंवा फ्रीजमध्ये ठेवणे असे उपाय करू नयेत. त्रुटी शोधून दुरुस्त करणारे संगणकीय आदेशही प्रत घेण्यापूर्वी चालवू नयेत. त्यांमुळे कमजोर डिस्कवर ताण पडतो आणि नोंदींत फेरबदल होऊ शकतात.

पूर्वसूचना मिळेलच असे नाही

बहुतेक डिस्कमध्ये 'स्मार्ट' नावाची स्वयंतपासणीची सोय असते. बदली केलेल्या आणि वाचता न येणाऱ्या विभागांची संख्या ती दाखविते. ही संख्या वाढू लागली की डिस्क बदलावी. मात्र या सोयीवर सर्वस्वी विसंबता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये, महत्त्वाच्या मानलेल्या चार निर्देशकांपैकी एकानेही आधी इशारा दिला नव्हता, असे त्यात आढळले. नव्या संगणकांतील एस.एस.डी. मध्ये फिरते भागच नसल्याने ती आवाज न करताच निकामी होऊ शकते.

प्रतींची शिस्त

यावर खात्रीचा उपाय म्हणजे आधीपासून ठेवलेल्या प्रती. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम जगभर मान्य आहे. एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी वरिष्ठांच्या अनुमतीने अन्य कार्यालयात किंवा अधिकृत सर्व्हरवर ठेवता येईल. बाह्य डिस्क काम संपताच काढून कुलूपबंद ठेवावी. कायम जोडलेली प्रत विषाणूच्या किंवा विजेच्या आघातात मूळ माहितीबरोबरच जाते. आठवड्याचा एक दिवस ठरवावा, प्रत घेतल्याची नोंद वहीत करावी आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाईल उघडून पाहावी. वीज वारंवार जाते तेथे यू.पी.एस. असणे अगत्याचे आहे.

निकामी डिस्क भंगारात टाकण्याची घाई करू नये. तीवर नागरिकांची वैयक्तिक माहिती असते. निर्लेखनापूर्वी ती पुसून किंवा डिस्क नष्ट करून, उरलेला भाग ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास आलेल्या विद्यार्थ्याला किंवा घराच्या नोंदीसाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला डिस्क बिघडली या उत्तराचा काहीच उपयोग नसतो. त्याला नोंद हवी असते. ती जपण्याची जबाबदारी लाल रुमालाच्या काळात ज्या कार्यालयाची होती, त्याच कार्यालयाची ती आजही आहे.