लेस पॉल : यंत्राच्या जादूगाराला मैफलीची मानवंदना

कलावंताच्या पश्चात त्याच्या चाहत्यांनी एकत्र जमून गाण्यानेच त्याचे स्मरण करावे, ही रीत आपल्या भागाला नवी नाही. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू झालेला संगीत महोत्सव मराठी व कन्नड रसिकांना सारखाच आपला वाटतो. पाश्चात्त्य संगीतातील अशाच एका मानवंदनेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

८ व ९ जून २०१० रोजी न्यूयॉर्कच्या ‘इरिडियम’ क्लबात इंग्लिश गिटारवादक जेफ बेक याने लेस पॉलच्या सन्मानार्थ मैफली केल्या. १९१५ साली जन्मलेल्या लेस पॉलचा ९ जून हा पंचाण्णवावा जन्मदिन. तो ऑगस्ट २००९ मध्ये निवर्तला होता. याच क्लबात तो नव्वदी ओलांडल्यावरही सोमवारी वाजवीत असे. या मैफलींचे ध्वनिमुद्रण २०११ साली ‘रॉक अँड रोल पार्टी’ या नावाने प्रसिद्ध झाले.

लेस पॉलचे कार्य दुहेरी आहे. पोकळ गिटारचा आवाज विजेने वाढविला की लाकडी पेटीच थरथरू लागते आणि कर्कश शीळ उठते. यावर उपाय म्हणून १९४० च्या सुमारास त्याने चार इंची चौरस पाइनच्या ओंडक्यावर तारा चढविल्या. भरीव गिटारचे प्रयोग इतरही करीत होते. परंतु १९५२ साली गिब्सन कंपनीने त्याच्या नावाचे जे गिटार बाजारात आणले, ते आजही वाजते आहे.

दुसरे कार्य ध्वनिमुद्रणाचे. एका तबकडीवर वाजविलेले ऐकत त्यावर दुसरा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचे, असे थरावर थर चढवून त्याने १९४८ साली ‘लव्हर’ सिद्ध केले. पुढे हेच काम तो ध्वनिफितीवर करू लागला. पत्नी मेरी फोर्ड हिच्यासह केलेले ‘हाउ हाय द मून’ १९५१ मध्ये अमेरिकेत नऊ आठवडे अग्रस्थानी होते.

या पद्धतीत एक अडचण होती. प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढते, आणि मागील खरखरीचीही पुन्हा नक्कल होते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे चक्रवाढ व्याज चटकन उमगेल! सर्वांत जुन्या थरावर व्याजाचा बोजा सर्वाधिक. म्हणून लेस पॉल दुय्यम भाग आधी आणि मुख्य सूर शेवटी मुद्रित करी.

मग प्रश्न असा, की ज्याने गाणे एका क्षणाच्या बंधनातून सोडविले, त्याला प्रत्यक्ष मैफलीतून मानवंदना का द्यावी? मला वाटते, खरी कसोटी येथेच आहे. हे सारे यंत्राचे कौतुक, यात वादकाचे काय, असा आक्षेप कोणीही घेऊ शकेल. इरिडियममध्ये आयरिश गायिका इमेल्डा मे हिने मेरी फोर्डची गाणी गायिली, बेकने गिटार धरले, सोबत वादक होते, समोर श्रोते होते. तेथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची सोय नव्हती. तरीही त्या चाली उभ्या राहिल्या. थरांच्या मुळाशी अस्सल संगीत होते, याची यापरती साक्ष कोणती?

अशी मैफल विनाइलच्या लाँग प्ले तबकडीवर आणणे हेही एक गणितच आहे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटेच नीट मावतात. आवाज मोठा, खर्ज जड, की खाचेला जागा अधिक लागते. शिवाय फेऱ्यांची गती तीच राहिली तरी केंद्राजवळ सुईखालून सरकणारे अंतर घटते, आणि तेथे तार स्वरांची स्पष्टता कमी होते. म्हणून तासाभराहून मोठ्या मैफलीला दोन तबकड्या लागतात, आणि बाजू कोठे तोडायची याचा निर्णय टाळ्यांकडे पाहून घ्यावा लागतो.

जेफ बेकही जानेवारी २०२३ मध्ये गेला. मानवंदना देणारा आता स्वतःच स्मरणाचा विषय झाला आहे. विद्यार्थीमित्रांनी १९५१ चे मूळ गाणे आणि २०१० ची मैफल एकापाठोपाठ ऐकावी. एकीकडे दोघांनी थर रचून उभा केलेला मेळा आहे, तर दुसरीकडे अनेकांनी मिळून एका माणसाचे फेडलेले ऋण आहे.