रोशा तेलाच्या भट्टीत सरपणाची बचत

खानदेशात नंदुरबार, पिंपळनेर या बाजूंस रोशा गवताचे तेल काढण्याचा धंदा फार जुना आहे. ओढ्याच्या काठी चूल मांडावी, वाफ निवविण्यास वाहते पाणी घ्यावे आणि जवळच्या रानातील लाकूड जाळावे, अशी त्याची रीत होती. आता लाकूड विकत घ्यावे लागते. म्हणून भट्टी सुधारताना हाताशी असलेला पैसा प्रथम कोठे घालावा, हे हिशोबाने ठरविणे इष्ट होय.

समजा, भांड्यात २५ अंश उष्णतेचे १५० लिटर पाणी भरले व त्यापैकी १०० लिटर पाण्याची वाफ झाली. पाणी उकळीस आणण्यास ११,२५० किलोकॅलरी लागतात, परंतु वाफ करण्यास सुमारे ५४,००० लागतात. वाळलेले लाकूड किलोमागे सुमारे ३,५०० किलोकॅलरी देते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यातील शेकडा १५ भाग भांड्यास पोहोचला, असे धरल्यास एका खेपेस १२४ किलो लाकूड जळेल. हाच भाग ३० झाला, तर ६२ किलो पुरेल.

यावरून पहिली सुधारणा चुलीचीच करावी, हे उघड आहे. चूल तिन्ही बाजूंनी बंदिस्त बांधावी. लाकडाखाली लोखंडी जाळी बसवून वारा खालून घ्यावा आणि ज्वाळा भांड्याच्या बुडाशी व कडांशी फिरून मगच धुराड्यात जाईल, अशी वाट ठेवावी. धुराड्यास झडप असावी; ती नसेल तर ओढ जास्त होऊन उष्णता वर निघून जाते. ओले लाकूड जाळू नये. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते, व ते आटविण्यातच जाळ खर्ची पडतो.

पुष्कळ शेतकऱ्यांचे लक्ष प्रथम निवविण्याच्या टाक्यातील गरम पाण्याकडे जाते. ते पुढील खेपेस वापरावे हे योग्यच, कारण त्यास खर्च नाही. परंतु ६५ अंशांचे पाणी भरल्याने वरील हिशोबात सुमारे ६,००० किलोकॅलरी, म्हणजे शेकडा ९ एवढीच बचत होते. त्यासाठी पंप व नवे नळ घेणे लहान भट्टीस परवडणारे नाही.

याहून अधिक बचत भट्टी वेळेवर थांबविण्यात आहे. चार तासांच्या खेपेत शेवटच्या तासात तेल नाममात्र येत असेल, तर तो तास वगळल्याने सुमारे २५ लिटर पाण्याची वाफ, म्हणजे एकंदर उष्णतेचा पाचवा हिस्सा वाचतो. ग्रामसेवकांनी दर पाव तासाने काचेच्या बाटलीत नळीचे पाणी धरून वर येणारा तेलाचा थर शेतकऱ्यास दाखवावा. त्या तेलाची किंमत जळणाऱ्या लाकडाहून कमी भरली की जाळ ओढावा. अंदाजाने मात्र थांबवू नये. अर्धवट उतरलेले गवत फेकणे हेही नुकसानच.

जाळ एकदम भडकविल्यास वाफ पुरती निवत नाही व तेल हवेत जाते. नळीतून येणारे पाणी हातास कोमट लागता कामा नये. झाकणाच्या सांध्यास चिकणमातीचा लेप द्यावा, आणि भांड्याच्या उघड्या अंगास माती व भुसा कालवून जाड थर लावावा.

गवत फुलोऱ्यावर असताना कापावे. तेल फुलोऱ्यात व पानांत असते. जाड दांडे भरल्यास भांडे भरते, तेल वाढत नाही. कापलेले गवत एक रात्र सावलीत सुकविल्यास एका खेपेत अधिक मावते. उकडून निघालेला चोथा उन्हात वाळवून लाकडाबरोबर जाळता येतो.

वेगळा बाष्पक बसविण्याचा विचार आसपासचे अनेक शेतकरी एकत्र येऊन हंगामभर भट्टी चालवीत असतील, तेव्हाच करावा.